रेड ५ कोसळल्यावर डेटा परत मिळवणे: पहिल्या काही तासांत काय करावे, काय करू नये

शून्य_एक

नमस्कार मंडळी,

कराडच्या एका फोटोग्राफर मित्राचा नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवायचा डबा) मध्यंतरी बंद पडला. चार खणांचा डबा, ४ टीबीच्या चार डिस्का, रेड ५. आत कित्येक वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी. दुसरी प्रत कुठेच नाही, कारण "रेड आहे म्हणजे बॅकअप आहेच" असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. डेटा परत मिळाला. कसा मिळाला ते सविस्तर लिहितोय. अशा प्रसंगी मराठीत शोधलं तर हाती फारसं काही लागत नाही आणि घाबरलेला माणूस समोर दिसेल ते बटण दाबतो. माझ्या पाहण्यात डिस्क मेल्यामुळे गेलेला डेटा कमी आहे. डिस्क मेल्यावर केलेल्या खटपटींनी गेलेला जास्त.

आधी थोडं गणित. रेड, म्हणजे अनेक डिस्का जोडून एकच साठा करायचा, ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी निबंधातून मांडली. रेड ५ मध्ये डेटाचे तुकडे डिस्कांवर वाटून टाकतात आणि प्रत्येक ओळीत एक तुकडा पॅरिटीचा असतो. समजा तीन डिस्कांवर १, ०, १ असे बिट आहेत. एकांची संख्या सम, म्हणून पॅरिटी ०. आता मधली डिस्क गेली तर १, ?, १, ० एवढं उरतं. संख्या सम व्हायला हवी, म्हणजे हरवलेला बिट ० होता. एक अज्ञात, एक समीकरण. दुसरी डिस्क गेली की अज्ञात दोन आणि समीकरण तेच एक, म्हणून नॅस "व्हॉल्यूम क्रॅश्ड" म्हणून हात वर करतो.

पण "डिस्क बाहेर काढली" आणि "डिस्क मेली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता येत नसेल तर साधी डेस्कटॉप डिस्क त्यावर मिनिटभर किंवा जास्तच झटत बसते. लिनक्स ३० सेकंद वाट पाहतो, मग डिस्क रीसेट करतो आणि तेवढ्यावर ती अ‍ॅरेतून (रेडमधल्या डिस्कांच्या संचातून) बाहेर पडू शकते. नॅससाठी बनवलेल्या डिस्का साधारण ७ सेकंदांत नाद सोडतात आणि "हा सेक्टर वाचता आला नाही" असं स्पष्ट कळवतात. मग तो तुकडा पॅरिटीवरून काढला जातो आणि काम पुढे चालू राहतं. बाहेर फेकलेल्या डिस्कवरचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग पुष्कळदा व्यवस्थित वाचता येतो.

या डब्यात २ आणि ४ क्रमांकाचे दिवे लाल होते. डबा बंद केला, प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक मार्करने लिहिला आणि चारही डिस्का एकेक करून लिनक्सच्या मशीनला जोडून त्यांचं मेटाडेटा वाचलं. बहुतेक घरगुती नॅसच्या आत लिनक्सचंच एमडी रेड असतं, सायनॉलॉजी कंपनीच्या डब्यांमध्ये त्यावर एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा लिनक्सचाच थर), त्यामुळे मूळ डबा नसला तरी चालतं. एमडीएडीएम (एमडी रेड हाताळायची आज्ञा) च्या 'एक्झामिन'मध्ये दोन गोष्टी बघायच्या: इव्हेंट काउंट (अ‍ॅरेत बदल होईल तसा वाढणारा आकडा) आणि अ‍ॅरे स्टेट. प्रत्येक डिस्कला अ‍ॅरे शेवटची जशी दिसली तसं ती सांगते. २ नंबरची डिस्क म्हणत होती 'एएएए', म्हणजे तिच्या मते सगळे हजर. ४ नंबरची म्हणत होती 'ए.एए', म्हणजे तिने २ ला गेलेलं पाहिलं होतं. १ आणि ३ म्हणत होत्या 'ए.ए.'. यावरून क्रम उलगडला. २ आधी गेली होती आणि अपडेट टाइम बघितला तर बऱ्याच आठवड्यांपूर्वी. पीं-पीं वाजायला लागल्यावर स्टुडिओतल्या कुणीतरी आवाज बंद केला होता. ४ परवाच गेली. तिचा इव्हेंट काउंट १ आणि ३ पेक्षा किंचितच मागे होता, २ चा मात्र हजारांनी.

म्हणजे १, ३ आणि ४ मिळून अ‍ॅरे उभी राहायला हवी. तरीही मूळ डिस्कांवर काहीच केलं नाही. तितक्याच आकाराच्या नव्या डिस्का आणून जीएनयू डीडीरेस्क्यूने क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) केले. हे साधन आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. आजारी डिस्ककडून आधी चांगला माल काढून घेणं महत्त्वाचं, कारण ती कधी मान टाकेल सांगता येत नाही. १ आणि ३ स्वच्छ निघाल्या. ४ वर काही केबी एवढी जागा कशीच वाचता आली नाही.

मग क्लोनांवर ओव्हरले चढवले. डिव्हाइस मॅपरच्या स्नॅपशॉटमुळे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलीत जातं आणि क्लोनला धक्का लागत नाही. चुकलं तर ओव्हरले फेकायचा आणि पुन्हा सुरुवात. त्यावर 'असेम्बल'ला 'फोर्स' जोडून तीन डिस्कांची अ‍ॅरे उभी केली, त्यावरची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती आणि 'नोलोड' लावून माउंट केली, म्हणजे जर्नलही (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालणार नाही. फोल्डर दिसले.

एक व्हिडिओ मात्र मध्येच अडकतो. ४ वरची न वाचलेली जागा त्यातच येते. हळदीचा आहे. बाकी सगळं उघडतंय.

कृष्णाकाठ

धाग्याबद्दल मनापासून आभार. वाचनखूण साठवली. एक शंका. नॅसच्या स्क्रीनवर 'रिपेअर' असं बटण येतं. मित्राने ते दाबलं असतं तर?

शून्य_एक

एकच डिस्क गेली असेल, बाकीच्या ठणठणीत असतील आणि बॅकअप हाताशी असेल तर रिपेअर हाच बरोबर रस्ता. त्यासाठीच रेड आहे.

दोन गेल्यावर मात्र काही डबे रिपेअरच्या नावाखाली नवी अ‍ॅरे बनवायला निघतात. काही जण नेटवर वाचून 'क्रिएट' आणि 'अझ्यूम क्लीन' चालवतात. त्यात डिस्कांचा क्रम, चंक साइझ (एका डिस्कवर सलग पडणाऱ्या तुकड्याचा आकार), लेआउट आणि डेटा नेमका कुठून सुरू होतो हे सगळं तंतोतंत जुळावं लागतं. एमडीएडीएमच्या जुन्या आवृत्त्यांत डेटा १ एमबीपासून सुरू व्हायचा, नव्यांत मोठ्या डिस्कांवर बहुधा १२८ एमबीपासून होतो. चंक पूर्वी ६४ केबी असायचा, नंतर ५१२ केबी झाला. नव्या आवृत्तीने जुनी अ‍ॅरे 'क्रिएट' केली की मेटाडेटा नवं, जुना पत्ता पुसलेला आणि आत काहीच सापडत नाही. त्यावर कुणी एफएससीके चालवलं तर फाइल सिस्टिमची दुरुस्ती म्हणून उरलेलंही विस्कटतं. खरं नुकसान इथे होतं.

पार्टिशन

दादा, हळदीच्या व्हिडिओवर अजून आशा आहे. २ नंबरची डिस्क बाजूला टाकू नका.

ती शिळी आहे हे बरोबर, पण शिळी म्हणजे तिच्यावरचं सगळंच चुकीचं असं नाही. ती बाहेर पडल्यानंतर ज्या जागांवर नवीन काही लिहिलं गेलं तेवढ्याच जागा जुळणार नाहीत. तो व्हिडिओ २ बाहेर पडण्याच्या आधीचा असेल आणि त्या जागेला नंतर कुणी हात लावला नसेल, तर तिथे १, २ आणि ३ यांचा एक्सऑर (वरचंच सम-विषम गणित, बिटामागून बिट) केला की ४ चा हरवलेला सेक्टर जसाच्या तसा मिळेल.

भरवसा ठेवायचा का, हेही तपासता येतं. हरवलेल्या सेक्टरच्या अलीकडे-पलीकडे जे सेक्टर चारही डिस्कांवर वाचता येतात, त्यांचा एक्सऑर करा. सगळीकडे शून्य आलं तर तो भाग २ गेल्यापासून बदललेला नाही. शून्य आलं नाही तर नाद सोडा. फक्त ऑफसेट (डिस्कच्या सुरुवातीपासूनचं अंतर) मोजताना चारही डिस्कांवर तीच जागा आहे ना ते दोनदा बघा आणि २ चाही आधी क्लोन काढा.

शून्य_एक

पार्टिशन, काय नेमकं सांगितलंत! व्हिडिओ २ बाहेर पडण्याच्या आधीच्या हंगामातला आहे. आज रात्री बसतो.

निळी_तार

मी डेटा रिकव्हरी लॅबमध्ये काम करते. वर सगळं उत्तम लिहिलंय, पण ते "डिस्क फिरतेय, वाचतेय, फक्त काही सेक्टर खराब" या अवस्थेसाठी आहे. डिस्क टकटक करत असेल, खरखरत असेल किंवा फिरायला लागून लगेच थांबत असेल तर डीडीरेस्क्यूसुद्धा चालवू नका. हेड (वाचणारी सुई) निकामी झालं असेल तर प्रत्येक फेरीला ते प्लॅटर (डेटा असलेली फिरती चकती) ओरबाडतं आणि ओरबाडलेली जागा कोणतीच लॅब परत आणू शकत नाही. लगेच वीज काढायची.

आमच्याकडे येणाऱ्या डिस्कांमध्ये एक प्रकार हमखास असतो: विजेचा दाब वाढून सर्किट बोर्ड जळालेला. लोक तसाच दिसणारा बोर्ड आणून लावतात आणि डिस्क चालत नाही. प्रत्येक डिस्कचं स्वतःचं कॅलिब्रेशन असतं. ते बहुतेक वेळा बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतं आणि ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवावी लागते. कधी तर दाब अडवणारा टीव्हीएस डायोडच फक्त शॉर्ट झालेला असतो.

हेड बदलायला जोडीदार डिस्क लागते. नुसतं मॉडेल जुळून भागत नाही, फर्मवेअरचं (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचं) घराणं आणि हेडची मांडणीही जुळावी लागते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्का उघडणं आणखी अवघड आणि महाग.

रेडच्या बाबतीत आमची एक कळकळीची विनंती आहे: सगळ्या डिस्का आणा. "ही तर चांगली आहे, ही घरी ठेवली" असं करू नका. पार्टिशन यांनी वर जे सांगितलं तेच आम्ही करतो आणि शिळ्या डिस्कवरून कित्येकदा नेमका हवा तो तुकडा मिळतो.

वाशिष्ठी

निळी_तार ताई, मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या सीएच्या ऑफिसात पाणी शिरलं. सर्व्हर जमिनीलगत होता, चिखलात पूर्ण बुडाला. आमच्याकडे लोकांनी डिस्का उन्हात वाळवल्या, हेअर ड्रायर लावला. तेव्हा नेमकं काय करायला हवं होतं? पुढच्या पावसाळ्यासाठी विचारतेय, इथे भीती कायमची आहे.

निळी_तार

वाशिष्ठी, साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, आत फिल्टर असतो. पुराचं पाणी त्यातून आत जातं. वाळवलं की पाणी उडतं आणि गाळ व क्षार प्लॅटरवर घट्ट बसतात. म्हणून वाळवायची नाही, जोडून बघायची नाही. ओलसर आहे तशीच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबला पाठवायची. आत स्वच्छ करून, हेड बदलून पुष्कळ डिस्का वाचता येतात. हेलियमच्या डिस्का सीलबंद असल्याने आत पाणी जाण्याची शक्यता कमी, तरी बोर्ड स्वच्छ केल्याशिवाय वीज द्यायची नाही.

आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या. हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही, पण तेवढ्यानेही खूप वाचतं.

टेम्स_काठचा

मोठ्या संस्थांनाही हे चुकत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये १७ ऑक्टोबर २०१६ ला एचपीच्या थ्रीपार स्टोरेजचा एक कंट्रोलर (डिस्का चालवणारा भाग) बंद पडला. इंजिनिअरने भाग बदलला आणि त्यानंतर पूर्ण स्टोरेजच कोसळलं. विभागांचे शेअर्ड ड्राइव्ह, प्राध्यापकांचं संशोधन, सगळं एकदम अडलं, आणि काही डेटा परत मिळालाच नाही. नंतरच्या चौकशी अहवालात आलं की सगळ्या डेटाचा टेपवर बॅकअप घेतलाच जात नव्हता. स्टोरेज महागडं, कंट्रोलर चार, तरी खड्डा पडला तो बॅकअपमध्ये.

गणिती

४ टीबीच्या चार डिस्का म्हणजे रीबिल्डला (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करायला) १२ टीबी वाचायचे. डेस्कटॉप डिस्कवर १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारा बिट अशी चूक लिहिलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबी. थोडक्यात रीबिल्ड जवळजवळ दर वेळी फसणार. रेड ५ वापरणंच चूक आहे.

पार्टिशन

गणिती, हा हिशेब बरीच वर्षं फिरतोय आणि अर्धाच बरोबर आहे. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तो तंतोतंत खरा असता तर दर महिन्याला स्क्रब करणाऱ्या प्रत्येक मोठ्या अ‍ॅरेत सतत चुका दिसल्या असत्या. माझ्याकडच्या अ‍ॅरे वर्षानुवर्षं पूर्ण वाचल्या जातात आणि बहुतेक फेऱ्या कोऱ्या जातात.

खरा धोका वेगळा आहे. डिस्का एकाच खोक्यातून, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच उष्णतेत चाललेल्या असतात. एक गेली की दुसरीचंही वय झालेलं असतं. गुगलने २००७ मध्ये स्वतःच्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली स्कॅन चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता चूक न दिसलेल्या डिस्कांपेक्षा ३९ पट निघाली. दुसऱ्या बाजूला, निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आधी कसलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे स्मार्ट कोरं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

एसएसडीची गोष्ट याहून भयंकर. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने कळवलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर फर्मवेअरच्या दोषामुळे कायमच्या बंद पडतात. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच वेळी चालू केलेल्या अ‍ॅरेतल्या सगळ्या जवळपास एकाच वेळी. तिथे रेड ५, ६, १० काहीच कामाचं नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली.

गणिती

समजलं. मर्यादा आणि सरासरी यांची गल्लत माझ्या लक्षात आली नव्हती. मग स्क्रब नक्की काय करतं?

पार्टिशन

सगळ्या डिस्कांवरचा प्रत्येक ओळीचा डेटा वाचून पॅरिटी जुळते का बघतं. फायदा असा की कुणी न उघडलेल्या जुन्या फाइलीखालचा खराब सेक्टर आजच सापडतो, बाकीच्या डिस्का धड असताना, आणि तो पॅरिटीवरून पुन्हा लिहिला जातो. तो लपून राहिला तर रीबिल्डच्या दिवशी समोर येतो. डेबियनमध्ये एमडीसाठी हे महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालतं. घरगुती नॅसमध्ये सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का ते बघावं लागतं. आजच बघा.

रेषा_आणि_रंग

मी व्हिडिओ एडिटिंग करते. माझ्याकडे दोन डिस्कांचं रेड ० आहे, वेगासाठी. एक डिस्क अधूनमधून टक् असा आवाज करतेय, पण चालतेय. काय करू?

निळी_तार

ताई, आत्ता चालतेय तोवर नको ते सगळं बंद करा आणि ज्याची दुसरी प्रत नाही तेवढंच आधी दुसऱ्या डिस्कवर उचला. प्रोजेक्ट फाइली आणि कच्चं फुटेज पहिलं, रेंडर पुन्हा करता येतात. आवाज वाढला की तिथेच थांबा. रेड ० मध्ये पॅरिटी नसते. एक डिस्क गेली की प्रत्येक मोठ्या फाइलीचा एक आड एक तुकडा जातो, व्हिडिओ तर उघडतच नाही. मग लॅबमध्ये तीच डिस्क उघडणं एवढाच रस्ता उरतो.

हिरवा_दिवा

हार्डवेअर रेड कार्डवाल्यांसाठी थोडं. सर्व्हर बदलल्यावर कार्ड "फॉरेन कॉन्फिगरेशन" सापडलं म्हणतं आणि 'इम्पोर्ट' की 'क्लिअर' विचारतं. घाईत क्लिअर करू नका. केलंच असेल तर त्यावर नवी अ‍ॅरे बनवून 'इनिशियलाइज' अजिबात करू नका. क्लिअरने फक्त मांडणीची नोंद जाते, पूर्ण इनिशियलाइजने डेटावर शून्यं लिहिली जातात. बाहेर पडलेल्या डिस्कला 'फोर्स ऑनलाइन' करण्याआधी ती केव्हा बाहेर पडली हे कार्डच्या लॉगमध्ये बघा. शिळी डिस्क ऑनलाइन झाली आणि त्यावरून रीबिल्ड सुरू झालं की चांगला डेटा जुन्या डेटाने बिघडतो.

नोंद गेली असेल तरी क्लोनवर आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर किंवा रीक्लेमी ही साधनं डिस्कांचा क्रम, स्ट्राइपचा (वर सांगितलेल्या चंकचा) आकार आणि पॅरिटी कुठल्या दिशेने सरकते हे डेटा तपासून शोधू शकतात. एखादा मोठा जेपीईजी हातात ठेवा. स्ट्राइपपेक्षा लहान फाइल चुकीच्या क्रमातही उघडते आणि फसवते. मोठा फोटो वरपासून खालपर्यंत स्वच्छ उघडला तरच क्रम बरोबर.

शून्य_एक

हळदीचा व्हिडिओ पूर्ण चालतोय!

पार्टिशन यांनी सांगितल्याप्रमाणे आसपासच्या सेक्टरांचा एक्सऑर केला. सलग शून्यं. मग १, २, ३ वरून ४ चे हरवलेले सेक्टर काढले, ४ च्या क्लोनवर मॅपफाइलमधल्या नेमक्या त्याच जागी लिहिले आणि अ‍ॅरे पुन्हा उभी केली. मित्राने नवरीच्या घरी व्हिडिओ पाठवलाही. त्यात तिची आजी आहे, ती आता नाही, म्हणून त्यांनी पुन्हा मागितला होता.

कृष्णाकाठ

वाचून फार बरं वाटलं. आता मित्राने पुढची व्यवस्था काय केली?

शून्य_एक

नॅसमध्ये नव्या डिस्का आणि रेड ६, म्हणजे दोन गेल्या तरी चालेल. डिस्का दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या. घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या ओळींत लिहिणाऱ्या) नाहीत ना ते मॉडेल क्रमांकावरून तपासलं. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं होतं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडमधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का एसएमआर आहेत, आणि तशा डिस्का रीबिल्डमध्ये फार मंदावतात. ईमेलवर सूचना चालू केल्या, त्या त्याला आणि मला दोघांना येतात. प्रत्येक हंगामानंतर एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. ती डिस्क स्टुडिओत नाही, त्याच्या बहिणीकडे साताऱ्याला असते.

कृष्णाकाठ

आणि त्या जुन्या चार डिस्का? पुसून दुसरीकडे वापरतोय का?

शून्य_एक

एवढ्यात नाही. प्रत्येक लग्नाच्या फोल्डरमधल्या फाइली उघडून बघायचं काम स्टुडिओतली दोन मुलं करताहेत. ते पूर्ण होऊन साताऱ्याची प्रतही तपासून होईपर्यंत त्या डिस्का क्रमांकासकट कपाटात राहतील. २ आणि ४ तर त्यानंतरही वापरायच्या नाहीत.